मधपेट्यांतील माइट नियंत्रण: तिळाच्या फुलापासून आंबिया बहारापर्यंतच्या प्रकल्प नोंदी

ठिकाण: वरूड तालुका, सातपुड्याचा पायथा, संत्र्याच्या बागेचा धुरा.
पेट्या: मेलिफेरा (युरोपीय मधमाशी) १६ (लँगस्ट्रॉथ प्रकारच्या, १० फ्रेम), सातेरी (देशी मधमाशी) २.

२९ ऑगस्ट

पाऊस ओसरतोय. पऱ्हाटीला पात्या आणि फुलं लागली, तीळ फुलावर आला. परागाची आवक वाढली की राणीची अंडी वाढतात आणि अंड्यांच्या मागोमाग माइट (माश्यांवर आणि अळ्यांवर जगणारे बारीक परजीवी) वाढतात. मोजणीला हीच वेळ.

वेळापत्रक उलट्या बाजूने लावलं आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराचं फूल जानेवारीच्या शेवटी उमलतं. त्या फुलावर जाणारी कामकरी माशी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घातलेल्या अंड्यातून यायला हवी, कारण अंड्यापासून २१ दिवसांनी ती पोळ्यातल्या आपल्या घरातून बाहेर पडते आणि पुढचे साधारण तीन आठवडे पेटीतलीच कामं करते. डिसेंबरच्या अळ्यांना भरवणाऱ्या दाई माश्या नोव्हेंबरात जन्मतात. त्या अशक्त, पंख चुरगळलेल्या निघाल्या तर जानेवारीत कितीही औषध करा, पेटी भरत नाही. म्हणून माइटचा मुख्य बंदोबस्त ऑक्टोबर संपायच्या आत.

गाठ दोन माइटशी आहे आणि दोघांचं वागणं वेगळं. व्हरोआ (व्हरोआ डिस्ट्रक्टर, जी जात २००० सालापर्यंत व्हरोआ जेकबसोनी या नावाखालीच धरली जात होती) साध्या डोळ्यांना दिसतो: तांबूस तपकिरी, आडवा लंबगोल, लांबी एक मिलिमीटरच्या जरा वर, रुंदी दीडच्या वर. पूर्ण वाढलेल्या माशीच्या पोटाच्या पट्ट्यांमध्ये तो घुसून बसतो आणि तिच्या शरीरातली चरबीची पेशीजाळी खातो. तो माशीचं रक्त पितो असं अनेक वर्षं धरलं होतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या संशोधनाने ते बदललं. अळीच्या घरावर झाकण बसायच्या आधी मादी आत उतरते: कामकरीच्या घरात १५ ते २० तास आधी, नर माशीच्या घरात त्याहून बरीच लवकर. झाकणाखाली ६० ते ७० तासांनी पहिलं अंडं, ते नर माइटचं. मग साधारण ३० तासांनी एकेक मादी माइटचं. नर माशीचं घर जास्त दिवस बंद राहतं, म्हणून तिथे जास्त पोरी वयात येतात. माइटला नराचं घर आवडतं ते यासाठी.

ट्रोपिलेलॅप्स उभट, रुंदीला व्हरोआच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आणि फार चपळ. मूळचा आग्या माशीचा. पूर्ण वाढलेल्या माशीचं अंग त्याला भेदता येत नाही, म्हणून अळ्या आणि कोष नसतील तर दोन-तीन दिवसांत मरतो. अळ्या असतील तर मात्र व्हरोआपेक्षा झपाट्याने वाढतो, कारण घरातून बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा दुसऱ्या घरात शिरतो. सातपुड्याच्या पायथ्याला आग्याची पोळी सगळीकडे, पिंपळावर, पाण्याच्या टाकीखाली. ज्या देशांत आग्याच नाही तिथल्या पुस्तकातलं वेळापत्रक इथे अर्धवट ठरतं ते याच कारणाने.

सातेरीच्या दोन पेट्या प्रयोगात नाहीत. व्हरोआ मुळात सातेरीचाच, आणि सातेरीने त्याच्याशी जुळवून घेतलंय: तिथे तो जवळपास फक्त नरांच्या घरात वाढतो, कामकरी त्याला एकमेकींच्या अंगावरून ओढून काढतात, फार किडलेलं नराचं घर उघडतही नाहीत, माइटसकट आतच राहू देतात. त्यांना औषध देऊन फायदा नाही, उलट उग्र वासाने सातेरी पेटी सोडून जाते. या दोन पेट्या ओळीपासून लांब ठेवल्या.

५ सप्टेंबर: पिठीसाखर चाचणी

सकाळी ऊन तापल्यावर, १० नंतर. ढगाळ दमट दिवशी ही चाचणी करायची नाही. साखर माशीच्या अंगावर ओली होऊन चिकटते, माइट सुटत नाहीत आणि आकडा खोटा कमी येतो. साखर घरी दळून, कोरडी खडखडीत, हवाबंद डब्यात.

बरणी रुंद तोंडाची, अर्ध्या लिटरची. झाकणाचा मधला भाग कापून तिथे अडीच-तीन मिलिमीटर भोकाची तारजाळी घट्ट बसवली. माश्या घ्यायच्या त्या उघड्या अळ्यांच्या फ्रेमवरून, कारण दाई माश्यांवर माइट जास्त असतात. बाहेरच्या मधाच्या फ्रेमवरून घेतल्या तर निम्मा आकडा दिसतो. आधी राणी शोधून तिची फ्रेम बाजूला ठेवायची. ती सापडली नाही तर नमुना घ्यायचा नाही, पेटी बंद करून दुपारी पुन्हा पाहायचं. फ्रेम घमेल्यात झटकली, घमेलं एका कोपऱ्यावर आपटलं, १२० मिलीच्या मापाने माश्या उचलल्या. हे माप म्हणजे साधारण ३०० माश्या.

बरणीत दोन मोठे चमचे पिठीसाखर, एक मिनिट हळूहळू लोळवायची, दोन मिनिटं सावलीत ठेवायची. हा थांबा गाळू नये. साखरेने माइटची पकड सुटायला आणि माश्यांचं अंग गरम व्हायला वेळ लागतो. मग बरणी उलटी करून पांढऱ्या ताटात एक मिनिट जोराने हलवायची. ताटात थोडं पाणी टाकलं की साखर विरघळते आणि तांबडे ठिपके उरतात. माश्या परत पेटीत; बाकीच्या त्यांना चाटून साफ करतात.

आकड्याला ३ ने भागलं की शेकडा प्रमाण. शंभर माश्यांमागे ३ माइट म्हणजे उपचार लांबवायचा नाही. पेटी ४ मध्ये ९, पेटी ११ मध्ये १०, पेटी ७ मध्ये १४. बाकीच्यांत १ ते ५.

साखरेने सगळे माइट सुटत नाहीत. म्हणून पेटी ७ आणि ज्या पेटीत १ आला ती पेटी २, या दोघींवर स्पिरिटची चाचणीही केली: तेवढ्याच माश्या ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये एक मिनिट हलवून गाळायच्या. माश्या मरतात, पण वीस हजारांच्या वसाहतीला तीनशेंचा तोटा जाणवत नाही, आणि आकडा भरवशाचा मिळतो. पेटी ७ मध्ये १९, पेटी २ मध्ये २. क्रम तोच राहिला, त्यामुळे पुढच्या फेऱ्यांना साखरच वापरणार.

६ सप्टेंबर: ट्रोपिलेलॅप्ससाठी वेगळी पाहणी

साखर चाचणीत ट्रोपिलेलॅप्स जवळजवळ सापडत नाही, कारण तो माशीवर थोडाच वेळ असतो. त्याच्यासाठी ब्रूड (अंडी, अळ्या, कोष असलेली घरं) पाहायला हवं. बंद घरांची फ्रेम घेतली, माश्या झटकल्या, पांढऱ्या ट्रेवर फ्रेमची एक बाजू आडवी धरून लाकूड ट्रेच्या कडेवर चार वेळा ठकठक आपटलं. मग फ्रेम उलटवून दुसरी बाजू. ट्रेमध्ये बारीक, पळणारे तपकिरी माइट दिसले तर तोच. व्हरोआ असा पळत सुटत नाही. ट्रेला कडेने व्हॅसलीन लावलं नाही तर मोजायच्या आत ते काठावरून निघून जातात.

नंतर १०० बंद घरं काट्याने उघडून पाहिली, गुलाबी डोळ्यांच्या टप्प्याचे कोष निवडून. घराच्या भिंतीवर पांढरी विष्ठा, कोषाच्या अंगावर पांढुरकी पिल्लं, ही खूण.

पेटी १३ ते १६, म्हणजे पिंपळाकडच्या टोकाच्या चार पेट्या, यांत प्रत्येक फ्रेममागे ३ ते ८ ट्रोपिलेलॅप्स. याच पेट्या कालच्या साखर चाचणीत १-२ वर होत्या. फक्त साखर करून थांबलो असतो तर या चार पेट्या निरोगी म्हणून लिहिल्या गेल्या असत्या. ट्रोपिलेलॅप्ससाठी मर्यादा धरायची नाही; एक दिसला तरी पेटी उपचाराच्या यादीत.

१४ सप्टेंबर

जाळीच्या तळपाटाखाली पांढरे पत्रे सरकवले, तेल-व्हॅसलीनचा पातळ थर देऊन, ७२ तासांसाठी. पेट्या ५ आणि ६ मध्ये शून्य. संशय आला म्हणून पाहिलं तर पेटीच्या पायाखालच्या वाट्या कोरड्या, आणि मुंग्यांची रांग थेट पत्र्यावर. पडलेला माइट मुंगी उचलून नेते; असा शून्य काही कामाचा नाही. वाट्यांत पाणी आणि वर जळकं तेल भरलं, पेटीला टेकलेलं गवत कापलं, पत्रे पुन्हा ठेवले. तीन दिवसांनी ११ आणि ८.

२० सप्टेंबर: उपचार कोणता

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

फॉर्मिक आम्ल घरांच्या झाकणातून आत शिरतं, दोन्ही माइटना घरातच मारतं. पण दिवसाचं तापमान २९-३० अंशांच्या वर असेल तर वाफ एकदम सुटते: कोवळ्या अळ्या मरतात, राणी जाते, माश्या पेटीबाहेर लोंबकळतात. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे ३३-३४. आता नाही. त्याची जागा डिसेंबरात.

थायमॉल, म्हणजे ओव्याच्या फुलाचे खडे, उष्णता बऱ्यापैकी सोसतं. बाजारातल्या जेलच्या एका मात्रेत १२.५ ग्रॅम थायमॉल असतं आणि दोन आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा देतात. कंपनीची वरची मर्यादा ४० अंश आहे. पण ते झाकणाखाली नीट पोहोचत नाही आणि ट्रोपिलेलॅप्स तर झाकणाखालीच. शिवाय वास मधाला लागतो.

गंधकाची भुकटी फ्रेमच्या वरच्या पट्टीवर, फ्रेमला १ ग्रॅम, ७ ते १० दिवसांनी पुन्हा: ट्रोपिलेलॅप्ससाठी आपल्या देशातली जुनी शिफारस. मोजून टाकायची. चिमटीने अंदाजे टाकली की उघड्या अळ्यांवर पडते आणि त्या मरतात.

गोचिडांसाठी जनावरांना लावायचं अमित्राझ किंवा फवारणीचं फ्लुव्हॅलिनेट प्लायवूडच्या पट्टीला पाजून पेटीत लावण्याची पद्धत सर्रास आहे. ती वापरणार नाही. मात्रा कळत नाही, अंश मेणात साठतो, तेच मेण पुढच्या वर्षी नव्या मेणपत्र्यांत (पोळं बांधायला फ्रेममध्ये लावायच्या मेणाच्या पातळ तक्त्यांत) येतं, आणि अपुऱ्या मात्रेतून वाचलेले माइट औषधाला दाद देत नाहीत. फ्लुव्हॅलिनेटला न जुमानणारा व्हरोआ अनेक देशांत ठरलेली गोष्ट आहे.

ऑक्झॅलिक आम्ल स्वस्त, उष्णतेची फार अडचण नाही, पण ते फक्त माशीच्या अंगावरच्या माइटला लागतं. थंड देशांत हिवाळ्यात राणी अंडी थांबवते, सगळे माइट माश्यांवर येतात, तेव्हा ते देतात. वरूडच्या हिवाळ्यात तुरीचं फूल असतं, राणी थांबत नाही. तो खंड आपल्यालाच पाडावा लागणार. आणि नेमका हाच खंड ट्रोपिलेलॅप्सला उपाशी मारतो. एका कामात दोन्ही माइट. ठरलं: सोळाही पेट्यांत राणीबंदी (राणीला पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवणं), शेवटी ऑक्झॅलिक. निरोगी दिसणाऱ्या पेट्या वगळायच्या नाहीत; एका ओळीत अर्ध्या पेट्या साफ केल्या की उरलेल्या अर्ध्या त्यांना पुन्हा भरून देतात.

२५ सप्टेंबर: राणीबंदी सुरू

पिंजरा क्वीन एक्सक्लूडरच्या (राणी अडवणाऱ्या जाळीच्या) पट्टीचा, फट ४.२ मिलिमीटर. कामकरी आत-बाहेर करतात, राणी आतच राहते. पिंजरा कोपऱ्यात टांगायचा नाही. मधल्या फ्रेमच्या पोळ्यात पिंजऱ्याएवढी खिडकी कापून, अळ्यांच्या मध्यावर बसवायचा. कडेला ठेवलेली राणी माश्यांना जाणवत नाही. त्या आपण बिनराणी झालो असं धरून राणीघरं बांधायला लागतात, आणि कधी पिंजऱ्यातल्या राणीला भरवणंच सोडतात.

राणी पकडताना पंखाला किंवा छातीला धरायची, पोटाला बोट लागू द्यायचं नाही. प्रत्येकीच्या छातीवर रंगाचा ठिपका दिला. दोन पेट्यांत राणी सापडेना; त्यांची पेटी रिकामी करून, एक्सक्लूडर मध्ये घालून माश्या त्यातून खाली उतरवल्या, वर राणी उरली. तयार राण्यांची दोन न्यूक्लिअस (छोट्या वसाहती) बाजूला ठेवली आहेत, कारण एवढ्या राण्या बंद केल्यावर एखादी जाणार हे गृहीत धरायला हवं. त्यांच्याही राण्या बंद, नाहीतर माइटना तेवढाच आसरा राहील.

साखरपाक १:१, संध्याकाळी, पेटीला ३०० मिली, एक दिवसाआड, फक्त ज्यांचा मधाचा साठा उतरला आहे त्यांना.

२ आणि ६ ऑक्टोबर

शेवटचं अंडं २५ सप्टेंबरचं, ते २८ ला फुटलं. तीन दिवसांपर्यंतच्या अळीपासून माश्या नवी राणी करू शकतात, म्हणून १ ऑक्टोबरनंतर राणीघरं पाहायचीच. २ तारखेला पाच पेट्यांत मिळाली. प्रत्येक फ्रेमवरच्या माश्या पूर्ण झटकून पाहिलं. माश्यांच्या गर्दीखाली एक जरी घर राहिलं तरी ११-१२ तारखेला नवी राणी बाहेर आणि पिंजऱ्यातली जुनी संपली. ६ तारखेला पेटी ९ मध्ये फ्रेमच्या खालच्या कडेला आणखी एक सापडलं.

६ ला सगळी घरं झाकलेली. उघडी अळी दिसली तर राणी पिंजऱ्यातून निसटली आहे असं समजायचं. तशी एकही पेटी नाही.

१० ऑक्टोबर

नरांची बंद घरं चाकूने कापून काढली. नर २४ दिवसांनी बाहेर पडतो, कामकरी २१ दिवसांनी. नरांचं ब्रूड राहू दिलं तर राणी तीन दिवस जास्त बंद ठेवावी लागते. कापलेले तुकडे बागेत टाकायचे नाहीत. बादलीत झाकण लावून घरी नेले आणि उकळून मेण काढलं. पेटी ७ च्या नरांच्या घरांत दर दुसऱ्या घरात माइट, काहींत चार-चार.

१८ ऑक्टोबर: ऑक्झॅलिक

१६ ला शेवटच्या कामकरी बाहेर पडल्या. काल फ्रेमा पाहताना इकडे-तिकडे उरलेली बंद घरं काट्याने उघडली, बहुतेक मेलेले कोष.

द्रावण: ६०० ग्रॅम साखर ६०० मिली कोमट पाण्यात विरघळवली की साधारण एक लिटर पाक होतो. त्यात ३५ ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल (डायहायड्रेट, हेच दुकानात मिळतं). काटा एक ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा, चमच्याने नाही. नायट्राइल हातमोजे, चष्मा, नाकातोंडावर फडकं. भुकटी श्वासात जाऊ द्यायची नाही. भांडं स्टील किंवा काचेचं, अॅल्युमिनियमचं नाही. करायचं तेव्हाच वापरायचं. साठवलेल्या द्रावणात एचएमएफ (साखर तुटून तयार होणारं रसायन) वाढतं आणि ते माशीला विष आहे.

संध्याकाळी, बाहेर गेलेल्या माश्या परतल्यावर. मोठ्या सिरिंजने दोन फ्रेमांमधल्या माश्यांनी भरलेल्या प्रत्येक फटीत ५ मिली, थेट माश्यांवर, बारीक धार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रिकाम्या फटीत थेंबही नाही. पेटीला जास्तीत जास्त ५० मिली. आपल्या पेट्यांना ३० ते ४० लागले. एकाच पिढीच्या माश्यांना हे पुन्हा द्यायचं नाही, आयुष्य कमी होतं. कमी पडलं असं वाटून आठवड्याने दुसरी मात्रा देण्याचा मोह होतो, तो टाळायचा.

१९ ते २३ ऑक्टोबर

१९ ला राण्या मोकळ्या. पेटी १२ ची राणी पिंजऱ्यात मेलेली. न्यूक्लिअसची राणी पिठीसाखर-मधाच्या गोळ्याने बंद केलेल्या पिंजऱ्यातून दिली.

पत्र्यांवर माइट पडायला दुसऱ्या दिवशी सुरुवात झाली, चौथ्या दिवसापर्यंत चालू होती. पेटी ७ मध्ये हजाराच्या घरात, बाकीच्यांत शंभर ते तीनशे. पेटी १३ ते १६ च्या पत्र्यांवर मेलेले ट्रोपिलेलॅप्सही.

राणी लगेच पूर्ण जोमाने अंडी घालत नाही, पोट अंड्यांनी भरायला दोन-तीन दिवस जातात. या काळात पराग कमी पडू द्यायचा नाही. पऱ्हाटी आणि बोरीचं फूल आहे, पूरक खाद्य लागलं नाही.

१२ नोव्हेंबर

साखर चाचणी: चौदा पेट्यांत ० किंवा १. पेटी १ मध्ये ४, पेटी २ मध्ये ३. तीन आठवड्यांत माइटची संख्या एवढी वाढत नाही, हे बाहेरून आलेले. तुरीसाठी शेजारच्या शिवारात बाहेरगावच्या पेट्या उतरल्या आहेत आणि त्या बाजूची टोकाची पेटी १. कमजोर वसाहत लुटली जाते तेव्हा लुटणाऱ्या माश्या मधासोबत माइटही घेऊन येतात. प्रवेशद्वारं दोन बोटं रुंद ठेवली, खाद्य दिवसा उघडायचं नाही असं ठरवलं, ओळ मोडून पेट्यांची तोंडं थोडी वेगवेगळ्या दिशांना केली आणि पुढच्या पाटीला वेगवेगळे रंग दिले, म्हणजे माश्या चुकून शेजारच्या पेटीत कमी जातात.

तुरीवर फवारणी सुरू. आदल्या दिवशी निरोप येईल असं आजूबाजूच्या शेतकऱ्यांशी बोलून घेतलं. फवारणीच्या दिवशी पेट्या अंधारातच बंद, जाळीचा तळ उघडा, वर ओलं पोतं, संध्याकाळी उघडायच्या.

४ डिसेंबर: फॉर्मिक आम्ल, निवडक पेट्या

पिंपळावर आग्या परत आला. आपटून पाहिल्यावर पेटी १४, १५, १६ मध्ये ट्रोपिलेलॅप्स, एक ते तीन. पेटी १ मध्ये व्हरोआ ७. रात्री ११-१२ अंश, दुपारी २८. आता फॉर्मिक चालतं.

८५ टक्के आम्ल, इंजेक्शनच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत ५ मिली, बुचाला भोक पाडून कापसाची वात, वात तळापर्यंत. बाटली तळपाटावर, फ्रेमांच्या मागच्या टोकाला. रोज भरायची, १५ दिवस. प्रवेशद्वार पूर्ण उघडं. अरुंद दारातून वाफ बाहेर पडत नाही आणि दोष मात्र औषधाला दिला जातो. भरायची वेळ संध्याकाळची, म्हणजे पहिला जोर थंडीत जातो. दुपार ३० च्या वर गेली तर त्या दिवशी बाटली काढून ठेवायची.

हे आम्ल कातडी जाळतं. जाड रबरी हातमोजे, पूर्ण चष्मा, वारा पाठीमागून येईल असं उभं राहणं, शेजारी पाण्याची भरलेली बादली. पातळ करायचं झालं तर आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही.

१९ डिसेंबर

बाटल्या काढल्या. पेटी १५ मध्ये बाटलीच्या वरच्या फ्रेमच्या कोपऱ्यात मुठीएवढं ब्रूड मेलेलं. वात जाड होती, वाफ जास्त सुटली. बाकी तिन्ही ठिकाणी राणी आणि अंडी ठीक. आपटून पाहिलं, एकही नाही. इथून पुढे, मध काढेपर्यंत कोणतंही औषध पेटीत जाणार नाही.

आग्याचं पोळं पाडून मध काढणाऱ्यांना विनंती केली आहे की अळ्यांचं पोळं पेट्यांपासून लांब नेऊन पिळावं आणि चोथा पुरावा. आपल्या माश्या त्यावर गेल्या की ट्रोपिलेलॅप्स सोबत येण्याचा धोका.

९ जानेवारी

संत्र्याला कळ्या. आठ-नऊ फ्रेम भरलेल्या पेट्यांवर सुपर (मध साठवायचे वरचे मजले) चढवले. आता हाती उरतं ते नरांच्या फ्रेमचं काम: पिलाव कक्षात (अळ्यांच्या खालच्या मजल्यात) कडेपासून दुसऱ्या जागी अशी फ्रेम जिच्यात मेणपत्रा फक्त वरच्या अर्ध्यात. खालच्या मोकळ्या अर्ध्यात माश्या स्वतःहून नरांची घरं बांधतात, व्हरोआ तिथे ओढला जातो. अंडी पडल्यापासून १८ ते २१ दिवसांच्या दरम्यान तो भाग कापायचा. तारीख फ्रेमच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेली असलीच पाहिजे: २४ दिवस उलटले की नर बाहेर येतात आणि आपणच पाळलेले माइट पेटीभर पसरतात. ज्याला वेळेवर कापणं जमणार नाही त्याने ही फ्रेम लावूच नये.

२१ फेब्रुवारी

संत्र्याचा मध काढला. सुपर उतरल्यावर लगेच साखर चाचणी आणि आपटून पाहणी दोन्ही. व्हरोआ: बहुतेक पेट्यांत २ च्या आत, पेटी १ मध्ये ५, पेटी ७ मध्ये ८. ट्रोपिलेलॅप्स: पेटी १६ मध्ये २.

पेटी ७ चा आकडा साफ केल्यावरही सगळ्यांत लवकर चढला. तिच्यापासून राण्या करायच्या नाहीत. पेटी २ आणि १० च्या अळ्यांपासून केलेली राणी तिला मार्चच्या पहिल्या आठवड्यात द्यायची. पेटी १६ ला गंधक, फ्रेमला १ ग्रॅम, आठ दिवसांनी पुन्हा, आणि पेटी पिंपळापासून बागेच्या पश्चिम टोकाला टप्प्याटप्प्याने सरकवायची. फॉर्मिक आता नाही, दुपार ३३ वर गेली. काळी पडलेली जुनी पोळी, प्रत्येक पेटीतून दोन, वितळवायला बाजूला. पेट्यांवर सावलीसाठी तुराट्यांच्या मांडवाचं काम मार्च अखेरच्या आत. कडुनिंब आणि करंजाचं फूल संपलं की मे महिन्यात राणी आपसूक अंडी कमी करते, तेव्हाची पुढची मोजणी ५ मेला, पहाटे.